बुधवारच्या व्हॅनचा तपास

ते प्रकरण अजून जसेच्या तसे डोळ्यांसमोर उभे राहते, आणि ते माझ्या नोकरीतले नाही. महाराष्ट्र पोलीस दलात मी चौतीस वर्षे काढली, त्यातली शेवटची काही निरीक्षक म्हणून. खून, दरोडे, निवडणुकांचे बंदोबस्त, मंत्र्यांच्या दौऱ्यात उन्हात उभे राहणे, सगळे झाले. पण सगळ्यात अवघड तपास कोणता असे कोणी विचारले, तर मी सांगतो तो निवृत्तीनंतरचा, अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ट्रॉय गावी केलेला. त्यात आरोपी नव्हता, मुद्देमाल नव्हता, अंगावर वर्दीही नव्हती. नामंजूर झालेला अनुदानाचा एक अर्ज तेवढा होता. नावे कोणाचीच देत नाही. ती सवय जुनी आहे, आणि या प्रकरणात तिला वेगळे कारणही आहे.

आधी घटनास्थळ. ट्रॉय हे डेट्रॉइटजवळचे ऐसपैस उपनगर. मोटारी बनवणाऱ्या कंपन्या आणि त्यांना सॉफ्टवेअर पुरवणारे लोक यांचे गाव, त्यामुळे पुणे, मुंबई, नागपूरकडची मुले इथे भरपूर. मुले म्हणजे चाळिशी-पन्नाशीची. त्यांच्यापैकी अनेकांचे आईवडील त्यांच्याकडे राहतात. घरे मोठी, अंगणे त्याहून मोठी, रस्ते सगळ्यांत मोठे, आणि पायी जाण्यासारखे जवळ काहीही नाही. कोथिंबीर आणायची तर गाडी, केस कापायचे तर गाडी. ज्याला गाडी चालवता येत नाही, तो मुलगा-सून कामावर गेल्यापासून संध्याकाळपर्यंत घरात असतो. कायद्याच्या भाषेत याला स्थानबद्धता म्हणता येत नाही, कारण कडी आतून असते.

पत्नी गेल्यानंतर मी मुलीकडे राहायला आलो. मुलगी आणि जावई दोघेही नोकरी करतात, नात दुसऱ्या राज्यात कॉलेजला आहे. इथल्या मराठी मंडळाने एका चर्चच्या तळघरातले सभागृह दर बुधवारी मागून घेतले होते. अकरा ते दोन या वेळात ज्येष्ठ मंडळी तिथे जमत, एकत्र जेवत, पत्ते खेळत आणि पत्त्यांवरून भांडत. भारतात असतो तर मी अशा ठिकाणी पाऊल टाकले नसते. इथे मी बुधवारची वाट पाहत असे. अर्थात, तसे कोणाला कळू न देता. तिथेही हात रिकामे राहवेनात म्हणून मी एक वही सुरू केली. कोण आले, किती वाजता, कोणी आणले, कोण आले नाही. ठाण्यातल्या स्टेशन डायरीची सवय माणसाला निवृत्तीवेतनासारखी शेवटपर्यंत पुरते. मंडळी त्या वहीला हसत. "आमची हजेरी लावा साहेब, नाहीतर वॉरंट निघेल," असे एक गृहस्थ दर आठवड्याला म्हणत आणि दर आठवड्याला स्वतःच हसत.

या बुधवारचा सगळा भार एका माणसाच्या डोळ्यांवर होता. मोटार कंपनीतून निवृत्त झालेले, शहात्तर वर्षांचे एक सद्‌गृहस्थ आपल्या मोठ्या गाडीतून दोन खेपा करून बारा-चौदा जणांना आणत आणि परत सोडत. सगळे त्यांना ड्रायव्हर काका म्हणत आणि त्यांना ते आवडे. एका बुधवारी जेवण झाल्यावर त्यांनी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि सांगितले की डोळ्यांच्या डॉक्टरने गाडी चालवायला मनाई केली आहे. महिनाअखेरपर्यंत कसेबसे, पुढे नाही. मी त्यांना म्हटले की डॉक्टरने आज मनाई केली असेल तर महिनाअखेर कुठून आली, आणि किल्ली खिशात घातली. त्या दिवशी कामावरच्या मुलासुनांना फोन करून बोलावून सगळ्यांना घरी पोचवायला तीन तास लागले. मुलाच्या गाडीत बसताना नागपूरच्या एक मावशी मला म्हणाल्या, "म्हणजे बुधवार बंद काय जी?" मी म्हटले, बघू. पोलीस ‘बघू’ म्हणतो तेव्हा त्याच्याकडे काही नसते, हे त्यांना माहीत असावे.

काकांचे डोळे अधू होत चालल्याची कल्पना मंडळाला आधीपासून होती. म्हणून एक व्हॅन आणि पगारी चालक यांसाठी मंडळाने गावातल्या एका सेवाभावी संस्थेकडे अनुदानाचा अर्ज केला होता. त्याच आठवड्यात त्याचे उत्तर आले. नामंजूर. पुढच्या फेरीची मुदत दोन महिन्यांनी संपणार होती.

मंडळाचे अध्यक्ष मला भेटायला आले. मुंबईचा, पन्नाशीचा, मनाने चांगला माणूस. मायक्रोफोन दिसला की जरा बिघडतो, एवढाच दोष. त्यांना माझ्याकडून एक कडक निषेधपत्र हवे होते.

"साहेब, आपण प्रेझेंटेशनमध्ये कुठेच कमी पडलो नाही," ते म्हणाले. "हा सरळसरळ डिस्क्रिमिनेशनचा प्रकार आहे."

मी म्हटले, आधी केसपेपर दाखवा. त्यांनी बाइंडिंग केलेली प्रत पुढे केली. बत्तीस पाने होती. मुखपृष्ठावर समई. पहिल्या चार पानांवर कार्यकारिणीचे फोटो, प्रत्येकाच्या खाली पद. मग तीन मान्यवरांची शिफारसपत्रे, ज्यांपैकी एकानेही आमचे तळघर पाहिले नव्हते. संस्थेने सहा प्रश्न विचारले होते. पहिला प्रश्न होता, ‘गरज काय आहे?’ उत्तरात आमच्या संस्कृतीची थोर परंपरा अडीच पाने वाहत होती. दुसरा, ‘उपयोग कोणाला होईल?’ उत्तर, ‘सर्व वयोगटांतील संपूर्ण समाजाला.’ ‘व्हॅन’ हा शब्द पहिल्यांदा एकोणिसाव्या पानावर भेटला, तोही शाल-श्रीफळाच्या फोटोखाली. मजकूर बहुतेक संगणकाकडून लिहून घेतला असावा, कारण त्यात एकही चूक नव्हती आणि एकही माणूस नव्हता.

मी आयुष्यभर दोषारोपपत्रे लिहिली आणि त्यांतली बरीच न्यायालयात पडलेली पाहिली. आरोपी सुटला की नवा अधिकारी न्यायाधीशाला दोष देतो आणि जुना अधिकारी निकालपत्र वाचतो. मी नामंजुरीचे पत्र मागितले. ते अध्यक्षांच्या फोनवर होते. पाच ओळींचे, सभ्य. शेवटच्या ओळीत लिहिले होते की नामंजुरीची कारणे जाणून घ्यायची असल्यास या क्रमांकावर फोन करावा. ती ओळ कोणीच वाचली नव्हती. ‘रिजेक्टेड’ हा शब्द दुसऱ्या ओळीत होता आणि वाचन तिथेच थांबले होते. शिवाय, नाही म्हणणाऱ्याला ‘का नाही’ असे विचारणे आपल्याकडे वाद घालणे समजतात. निषेधपत्र पाठवायला मात्र संकोच नव्हता.

फोन माझ्या मुलीने लावला. ती एका मोटार कंपनीत सॉफ्टवेअरचे काम करते आणि शुक्रवारी घरून करते. तिने स्पीकर चालू केला. पलीकडे संस्थेच्या एक बाई होत्या, आवाजावरून मध्यमवयीन, घाई नसलेल्या. त्यांनी आमचा अर्ज समोर काढून ठेवलेला होता. त्या म्हणाल्या की संस्कृतीबद्दल वाचून छान वाटले, आणि मी मनात म्हटले, आता खरे सांगतील. त्यांनी सांगितले.

"अर्जाला जोडलेला तुमचाच सर्व्हे असं म्हणतो की इथल्या कोणाही ज्येष्ठाला गाडीची गरज नाही आणि कोणालाही एकटं वाटत नाही. मग आम्ही व्हॅन कोणासाठी द्यायची?"

मुलीने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. नोकरीत अशी खबर मिळवायला मी खबऱ्यांना वर्षानुवर्षे चहा पाजला आहे. ही एका फोनवर आली होती.

मी अध्यक्षांना पुन्हा बोलावले आणि सर्व्हेबद्दल विचारले. कोणी केला, कधी, कसा. त्यांनी मोकळेपणाने सांगितले. ऑनलाइन फॉर्म होता, मंडळाच्या सगळ्या सभासदांना ईमेलने पाठवला. जवळजवळ सगळ्यांनी ‘काहीही अडचण नाही’ वर खूण केली. निकाल इतका छान आला की तो मुद्दाम अर्जाला जोडला.

"जोडला कशासाठी?" मी विचारले.

"अहो, आपली मुलं आईवडिलांना किती छान ठेवतात हे इथल्या लोकांनाही कळू दे ना. त्यांच्याकडे म्हाताऱ्यांना सरळ होममध्ये टाकतात."

आता असा अर्ज दुसऱ्या कोणाच्या हातून झाला असता असे मला वाटत नाही. मदत मागायला जायचे आणि जाताना आपल्याला मदतीची गरज नाही याचे प्रमाणपत्र बरोबर न्यायचे, यासाठी आपल्यासारखी घरंदाज माणसे लागतात.

मी त्यांच्याकडून उत्तरांची मूळ यादी मागितली. तिच्यात प्रत्येक उत्तरासमोर ते ज्या ईमेलवरून आले तो पत्ता होता. सगळे पत्ते मुलांचे आणि सुनांचे. म्हणजे ज्यांचा जबाब हवा होता त्यांच्यापैकी एकानेही तो दिला नव्हता. त्यांच्या वतीने घरच्यांनी दिला होता. मी बोटाने एकेक ओळ पाहत खाली आलो आणि एका ओळीवर थांबलो. पत्ता माझ्या मुलीचा होता. गाडीची गरज आहे का? नाही. एकटे वाटते का? नाही. शेरा: वडील निवृत्त पोलीस अधिकारी आहेत, अतिशय स्वावलंबी.

तो प्रसंग मला लगेच आठवला. ती ओट्याशी उभी होती, एका बाजूला कुकर, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप. तिने विचारले, "बाबा, मंडळाचा फॉर्म आहे. तुम्हाला राइड वगैरेची गरज नाही ना?" मी वर्तमानपत्रातून मान न काढता म्हटले, "मला काय गरज? लिही, काही अडचण नाही." खोटा जबाब नोंदवायला एवढा वेळ पुरला. साक्षीदार मी, आणि लिहून घेणारी माझी पोटची मुलगी. मी यादीची घडी घालून वहीत ठेवली.

नोकरीत असताना एका घरफोडीचा तपास माझ्याकडे होता. घरात म्हातारी आई त्या वेळी जागी होती, पण तिने काहीच पाहिले नव्हते. मुलगा शेजारी उभा, सून दारात, आणि बाई प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’ म्हणत होत्या. दुसऱ्या दिवशी घरी कोणी नसताना मी गेलो आणि चोरीचा विषयच काढला नाही. रात्री काय जेवलात, दिवा कोणी मालवला, पाणी प्यायला उठलात तेव्हा पाय कुठे ठेवला, एवढेच विचारत गेलो. चौथ्या-पाचव्या प्रश्नाला त्यांनी त्या माणसाच्या चपला कशा होत्या तेही सांगितले. तो घरातल्याच नात्यातला निघाला. तेव्हापासून माझे दोन नियम झाले. जबाब घेताना नातेवाईक खोलीत नको. आणि ‘तुम्हाला त्रास आहे का’ असे कधी विचारायचे नाही. काल काय काय घडले ते विचारायचे. पहिल्या प्रश्नाला माणूस घराण्यासाठी उत्तर देतो, दुसऱ्याला स्वतःसाठी.

तपास सुरू करायला अडचण एकच होती. तपासी अंमलदाराकडे वाहन नव्हते, आणि इथला परवानाही. दुचाकी-चारचाकी नाही म्हणून तपास रेंगाळल्याचे अहवाल मी हाताखालच्या लोकांकडून अनेकदा घेतले होते आणि त्यांना झापलेही होते. आता मला दर शुक्रवारी दुपारी मुलगी जेवणाच्या सुट्टीत सोडत असे आणि तासाभराने घ्यायला येई. काम काय आहे ते मी तिला मोघमच सांगितले होते.

पहिला जबाब नागपूरच्या मावशींचा. मुलगा-सून ऑफिसात, नातू शाळेत. घर आरशासारखे स्वच्छ. त्यांनी चहा केला, चिवडा दिला आणि मी विचारायच्या आतच सांगून टाकले, "सून फार करते हो. काही म्हणता काही कमी नाही." मी म्हटले, मला दिसतेच आहे. मग विचारले, काल सकाळी घरातून शेवटचे कोण गेले?

त्यांनी सांगितले. आठ वाजता गॅरेजचे दार बंद झाल्याचा आवाज येतो. मग आंघोळ, पूजा, स्वयंपाक. साडेदहाला सगळे आटोपते. मग? मग टीव्ही. त्यावर कोण बोलते त्याच्याकडे लक्ष नसते, पण आवाज असावा म्हणून. जेवण? एकटीसाठी ताट वाढून घेत नाही, ओट्याशी उभ्यानेच. मी लिहीत होतो. दीडच्या सुमारास त्या उठल्या. पदर सारखा केला, आरशात पाहून कुंकू नीट केले, स्वेटर घातला आणि म्हणाल्या, "दोन मिनिटं बसा जी." मी खिडकीतून पाहिले. टपालाची पांढरी गाडी समोर आली. गाडीतल्या बाईने त्यांच्या हातात कागद दिले आणि हात हलवला. मावशींनीही हलवला. गाडी पुढे गेली. त्या आत आल्या, आलेले कागद न पाहताच खोक्यात टाकले आणि खुर्चीत बसल्या.

"रोज जाता?" मी विचारले.

"रविवारी नाही येत ती." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तेवढंच कुणी हात दाखवते. बुधवारी नाही गेलं तरी चालत होतं टपालाला. बुधवारी तुम्ही सारे असायचे ना."

मी लेखणी खाली ठेवली. त्यांनी माझ्या वहीकडे पाहिले आणि त्यांच्या लक्षात आले की हे लिहिले गेले आहे. "हे नका लिहू साहेब. पोराला वाईट वाटेल. तो म्हणेल, मी काय कमी केलं."

त्यांना मी सांगितले की नाव कुठेही येणार नाही. घर क्रमांक नाही, मुलाची कंपनी नाही. साक्षीदार क्रमांक एक, एवढेच. आणि लिहिलेले सगळे वाचून दाखवीन. एक शब्द नको असेल तर तो खोडीन. तसे वाचून दाखवले. त्यांनी चिवड्याबद्दलची ओळ खोडायला लावली, कारण चिवडा विकतचा होता. बाकी ठेवले.

याप्रमाणे सात शुक्रवारांत आठ जबाब झाले. एकानेही मुलाबद्दल तक्रार केली नाही, आणि तक्रार करण्याजोगे काही नव्हतेही. मुले कष्टाळू होती, प्रेमळ होती आणि सकाळी आठ ते संध्याकाळी सहा घरात नव्हती. ड्रायव्हर काका तर स्वतःच साक्षीदार झाले. वीस वर्षे गाडी चालवलेला माणूस आता खिडकीतून आपल्या गाडीवर साचलेला बर्फ पाहत होता. ते म्हणाले, "मी त्यांना आणत होतो असं सगळे म्हणतात. खरं म्हणजे ते होते म्हणून मला सकाळी दाढी करावी लागायची." मी ते वाक्य जसेच्या तसे घेतले.

दरम्यान माझी वहीसुद्धा पुरावा झाली. काकांची गाडी होती तेव्हाच्या बुधवारी बारा, चौदा, तेरा नावे. गाडी बंद झाल्यावर घरच्यांनी कामातून आणून सोडलेले सात, मग पाच, एका हिमवर्षावाच्या दिवशी तीन. या आकड्यांवर भाष्य करायची गरज नव्हती. चांगल्या पंचनाम्यात पंच आपले मत देत नाहीत; दार किती उघडे होते ते सांगतात.

नवा अर्ज लिहायला बसलो तेव्हा अध्यक्षांशी माझी खडाजंगी झाली. माझे म्हणणे साधे होते. सहा प्रश्न आहेत, सहाच उत्तरे द्यायची. जे विचारले आहे तेवढेच, पण ते पूर्ण. कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या रस्त्याने, कितीजण. व्हॅन बंद पडली तर काय कराल, चालक आजारी पडला तर काय. काम झाले की नाही हे कसे ठरवाल याचे उत्तर आम्ही असे दिले की सहा महिन्यांनी याच आठ जणांना हाच प्रश्न विचारू: काल काय काय घडले? मान्यवरांच्या पत्रांऐवजी चर्चच्या व्यवस्थापकाचे पत्र जोडायचे, कारण दर बुधवारी तळघराचे दार तोच उघडत होता.

अध्यक्षांना फोटो गेल्याचे सहन झाले. जबाब मात्र त्यांना सहन होईनात. "साहेब, हे वाचून लोक म्हणतील आम्ही आईवडिलांना कोंडून ठेवलंय. मंडळाची इमेज काय राहील?"

मी म्हटले, इमेज राखायची असेल तर पहिला अर्ज उत्तम आहे, तोच परत पाठवा.

त्यांनी कागद खालीवर केले आणि हळू आवाजात विचारले, "यात माझी आई पण आहे का?"

"मी कोणाचं नाव सांगत नाही."

"कितवा नंबर, एवढं तरी सांगा."

मी नकारार्थी मान हलवली. ते बराच वेळ सगळे जबाब पुन्हा वाचत राहिले. आपल्या स्वयंपाकघराचा, आपल्या दाराचा काही माग लागतो का ते शोधत असावेत. माग लागणार नाही याची काळजी मी घेतली होती, आणि त्यामुळे त्यांना आठही जबाब आपल्याच घरचे वाटले असावेत. जाताना म्हणाले, "असंच जाऊ द्या. मी सही करतो."

इंग्रजी भाषांतर मुलीने केले. मी मराठीत लिहून देई आणि ती संध्याकाळी टेबलावर बसून टाइप करी. आठ जबाब झाले. नववा मी सगळ्यात शेवटी दिला. तपासी अंमलदाराने साक्षीदार होऊ नये असा संकेत आहे, पण मला आठ जणांना खरे बोलायला लावून स्वतःचा खोटा जबाब दप्तरी तसाच ठेवायचा नव्हता. नियमाप्रमाणे नाव नव्हते. पुरुष, वय एकोणसत्तर, एवढेच.

तिने वाचत वाचत टाइप करायला सुरुवात केली. आठ दहाला गॅरेजचे दार बंद झाले. साडेनऊला बाहेरच्या रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर पाठ करण्याचा प्रयत्न केला, अकरा नंबर पाठ झाले. एक वाजता जेवण. दोन वाजता पत्नीचा मोबाइल, जो आता बंद आहे, चार्जिंगला लावला. पाच चाळीसपर्यंत कोणाशी बोलणे झाले नाही. पाच चाळीसला मुलगी आली, तिने ‘दिवस कसा गेला’ असे विचारले, ‘छान’ असे सांगितले.

टाइप करण्याचा आवाज थांबला. चार्जरची वायर त्या क्षणी आमच्यापासून चार हातांवर भिंतीला लोंबत होती. तिने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मला वाटले ती रडेल, आणि ते टाळायला मी काही विनोद शोधत होतो. ती रडली नाही. तिने कागद सरळ केला आणि इतर आठ जणांना मी वाचून दाखवला होता तसा तो जबाब मला पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवला, मराठीत, सावकाश. शेवटी विचारले, "बाबा, हे बरोबर आहे?"

चौतीस वर्षांत हा प्रश्न मी हजारो लोकांना विचारला असेल. तो समोरून आला की किती जड असतो ते त्या दिवशी कळले. मी म्हटले, "बरोबर आहे." ती पुन्हा टाइप करू लागली.

अर्ज नऊ पानांचा झाला. मुदतीच्या चार दिवस आधी गेला. संस्थेच्या त्याच बाई एका बुधवारी प्रत्यक्ष पाहणीसाठी आल्या. अध्यक्षांनी शाल आणली होती, ती मी त्यांच्या गाडीतच राहू दिली. त्यांचा मायक्रोफोनही बाहेर निघाला नाही, आणि हे त्यांनी स्वतःहून केले, याची नोंद करायला हवी. बाईंना नागपूरच्या मावशींशेजारी बसवले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मावशींनी त्यांना तीन वेळा भात वाढला आणि बाईंनी तीनही वेळा खाल्ला. त्या दिवशी पाच माणसे होती आणि बाईंनी रिकाम्या खुर्च्या मोजलेल्या मी पाहिल्या.

मंजुरीचे पत्र वसंतात आले. एका वर्षापुरते, बुधवारसाठी. आम्ही शुक्रवारही मागितला होता, तो नाही मिळाला. पत्राच्या शेवटी पुन्हा फोन क्रमांक होता. या वेळी तो अध्यक्षांनी स्वतः लावला आणि शुक्रवार का नाही ते विचारून घेतले. काका आता व्हॅनमध्ये चालकाच्या शेजारी बसतात आणि त्याला रस्ता सांगतात. तो चालक याच गावात जन्मलेला आहे.

या प्रकरणाने मला काय शिकवले असे विचाराल तर फार मोठे काही नाही. देणारा कोणीही असो, त्याला आपला मोठेपणा नको असतो. त्याला दार किती उघडे आहे ते हवे असते. ते सांगायला वाईट वाटते म्हणून आपण समईचा फोटो लावतो. मी गुन्हेगारांकडून सत्य काढायला शिकलो, पण ज्याने काहीच केलेले नाही असा माणूसही रोज जेवणाच्या टेबलावर खोटा जबाब देतो, प्रेमापोटी देतो, आणि ऐकणारा प्रेमापोटीच तो लिहून घेतो, हे माझ्या लक्षात यायला निवृत्ती घ्यावी लागली.

मुलीने त्या संध्याकाळचा विषय नंतर कधी काढला नाही. एक बदल मात्र झाला. ती आता घरी आली की ‘दिवस कसा गेला’ असे विचारत नाही. पर्स ठेवते, हात धुते आणि विचारते, "बाबा, आज कोणाशी बोललात?" मी वेळेसकट सांगतो. ज्या दिवशी कोणाशीच नाही, त्या दिवशी तसे सांगतो. मग ती माझे उत्तर एकदा मोठ्याने परत म्हणते, आणि मी म्हणतो, बरोबर आहे.